सी शार्प शिकताय? क्लासची फी भरण्याआधी आवृत्ती विचारा

निकालांचा हंगाम सुरू झाला की चौकाचौकांत ‘फुल स्टॅक’चे फलक लागतात. पायथन आणि जावा मोठ्या अक्षरांत, आणि खाली कुठेतरी बारीक ‘डॉटनेट’. आमचं मत असं की या खालच्या ओळीकडे नीट पाहायला हवं. भाषा चांगली आहे म्हणून, आणि याच ओळीखाली जुना माल सर्रास विकला जातो म्हणूनही.

आधी काउंटरकडे बघा. पतसंस्था, औषधांचं दुकान, पॅथॉलॉजी लॅब, वजनकाटा. अशा अनेक ठिकाणी अजून विंडोजवर इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअरच चालतं. प्रिंटर, बारकोड स्कॅनर, काटा थेट जोडायचा असतो आणि इंटरनेट गेलं तरी पावती फाडायची असते. पण मालकाला तोच हिशेब आता घरबसल्या मोबाइलच्या ब्राउजरमध्येही हवा आहे. ही दोन्ही कामं एकाच भाषेत करता येतात, आणि सी शार्पची खरी ताकद तिथे आहे.

भाषा कुठून आली?

मायक्रोसॉफ्टने ती २००० मध्ये जाहीर केली. मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग. त्याआधी ते बोरलँड कंपनीत होते, टर्बो पास्कलचा कंपायलर त्यांचाच. कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्यावर टर्बो सी चालवलेल्यांना बोरलँड हे नाव आठवेल. २०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टमागेही हेच गृहस्थ.

सुरुवातीची डॉटनेट फ्रेमवर्क मात्र विंडोजपुरतीच होती. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेटचा गाभा ओपन सोर्स करण्याची घोषणा केली. २०१६ मध्ये डॉटनेट कोअर आली, जी लिनक्स आणि मॅकवरही चालते. २०२० पासून नावातला ‘कोअर’ गेला आणि दर नोव्हेंबरला नवी आवृत्ती येऊ लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या डॉटनेट १० ला तीन वर्षं अधिकृत पाठबळ आहे.

म्हणूनच क्लासवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा: कोणती आवृत्ती शिकवणार? उत्तर ‘४.५’ किंवा ‘४.८’ आलं, तर ती जुनी फ्रेमवर्क आहे. आकडा मोठा वाटतो, पण ५ पासून पुढचं सगळं नव्या घरातलं. अभ्यासक्रमात ‘वेब फॉर्म्स’ दिसले तर आणखी सावध व्हा, कारण नव्या डॉटनेटमध्ये ते नाहीतच. जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल हीसुद्धा नोकरी आहे, हे खरं. पण घरच्यांनी जमवलेली फी भरून शिकण्याची सुरुवात तिथून कशाला करायची?

नेमकं काय शिकायचं?

बटणं आणि रंग नंतर. आधी हिशेब वेगळा ठेवायला शिका. कर्जाचं व्याज काढणारा कोड एका स्वतंत्र लायब्ररीत लिहायचा. डेस्कटॉपसाठी विनफॉर्म्समधली खिडकी त्याच लायब्ररीला विचारते आणि वेबसाठी एएसपी डॉटनेट कोअरही तिलाच विचारतं. उद्या व्याजाचा नियम बदलला, तर दुरुस्ती एकाच जागी. अनेक क्लासमध्ये नेमकं हेच राहून जातं. मुलं सगळा हिशेब बटणाच्या क्लिकमध्ये कोंबतात आणि वेबची वेळ आली की पुन्हा पहिल्यापासून लिहितात.

आता पैशांचं. ‘डबल’ या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटाला ०.३०००००००००००००००४ असा कचरा राहतो. हा दोष एकट्या सी शार्पचा नाही. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, त्यामुळे इतर भाषांतही हेच होतं. सी शार्पमध्ये रुपये-पैशांसाठी ‘डेसिमल’ हा प्रकार भाषेतच दिलेला आहे आणि त्यात उत्तर ०.३ येतं. हजारो खात्यांच्या व्याजात हा फरक साचत जातो. शिक्षकाने पहिल्या पंधरा दिवसांत डेसिमलचं नावही काढलं नाही, तर त्याने खऱ्या दुकानाचं बिल बनवलंय का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

पूर्णांकांचा भागाकारही असाच फसवतो. ५ भागिले २ केलं तर उत्तर २ येतं, अर्धा गायब. आणि नावांचं विचाराल तर ‘क्षितिजा’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण लांबी मोजायला सांगितली की सी शार्प ८ म्हणतं. मात्रा आणि हलन्त तिथे वेगळे मोजले जातात. पावतीवर नाव दहा ‘अक्षरां’वर कापणारा प्रोग्रॅम मराठी नावांची कशी वाट लावतो, हे यावरून कळावं.

मर्यादा काय?

डेटा सायन्स किंवा एआयकडे जायचं असेल, तर पायथनच घ्या. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ फक्त विंडोजवर चालतात. वेबच्या दर्शनी भागासाठी थोडी जावास्क्रिप्ट यावीच लागते, ‘फक्त सी शार्पवर भागेल’ ही जाहिरात झाली.

खर्च मात्र शून्यावर आणता येतो. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना मोफत आहे, पण जुन्या लॅपटॉपला ती जड जाते. तिथे व्हीएस कोड बरा. मायक्रोसॉफ्ट आणि फ्रीकोडकॅम्प यांचा सी शार्पचा पायाभूत कोर्स प्रमाणपत्रासह मोफत आहे. तो इंग्रजीत आहे, हीच काय ती अडचण. मोबाइलवर वाचन होईल, सराव नाही. लॅपटॉप नसेल तर फीचे पैसे आधी सेकंडहँड लॅपटॉपकडे वळवा.

पहिला प्रोजेक्ट म्हणून कॅल्क्युलेटर नको. बारा जणांच्या भिशीची नोंदवही बनवा: कोणी भरले, कोणाचे राहिले, या महिन्याची रक्कम कोणाला. आधी डेस्कटॉपवर, मग तीच वेबवर. दुसऱ्या वेळी हिशेबाची एकही ओळ पुन्हा लिहावी लागली, तर पुढचा धडा उघडण्याआधी ती ओळ उचलून लायब्ररीत टाका.