बाप अडाणी म्हणून पोरगं मागं पडत नाही

बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीकडच्या मुलांबद्दल दोन मतं कायम कानावर येतात. एक असं, की घरी कुणी शिकलेलं नाही, अभ्यास घ्यायला कुणी नाही, म्हणून ही मुलं पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कशीबशी काढतात आणि डिग्री कॉलेजात गेली की खचतात. दुसरं याच्या उलट: लातूरकडे बघा, तिथं आया खोली करून मुलांजवळ राहतात, डब्यापासून टेस्टच्या मार्कांपर्यंत सगळं बघतात, आपल्या पालकांनीही असंच मागं लागलं पाहिजे. दोन्हीकडची माणसं मुलांच्या काळजीनंच बोलतात. तरी दोन्ही मतं मला साफ चुकीची वाटतात. ‘मला हे जमतं’ हा भरवसा पालकांनी मुलात बाहेरून भरायचा असतो, हा एकच समज दोन्हींच्या मुळाशी आहे.

आधी पहिलं मत. आमच्याकडं शिकलेला बापसुद्धा मुलाचा अभ्यास घेऊ शकत नाही, हे बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1948 साली ते राज्य गेलं, 1956 साली बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळं आजोबा उर्दूत शिकलेले, वडील मराठी शाळेत आणि नात पीयूसीला कन्नड किंवा इंग्रजीत, अशी घरं भालकी तालुक्यात आढळतात. मराठी शाळेत पुढं असलेली मुलगी पीयूसीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते. तिला विषय येतो, उत्तराची भाषा येत नाही. तिच्या दहावी झालेल्या वडिलांनाही ते पुस्तक तितकंच परकं. म्हणजे शिकलेला बाप आणि न शिकलेला बाप हा भेद कॉलेजच्या दारात जवळजवळ मिटतो. तरीही सारख्याच घरांतली काही मुलं उभी राहतात, काही खचतात. याचं कारण पालकांच्या शाळेच्या दाखल्यात शोधून कसं सापडेल?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली ‘मला हे जमतं’ या भरवशाचे चार उगम सांगितले: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहणं, कुणी दिलेला धीर आणि त्या घडीची मनाची-शरीराची अवस्था. त्यांत पहिला सर्वांत बळकट. ‘तू हुशार आहेस’ असं शंभरदा सांगितल्यानं जे होत नाही, ते अवघड काम एकदा आपल्या हातून पार पडल्यानं होतं. आणि असं काम मुलाच्या हाती द्यायला पालकाला अक्षरओळख लागत नाही.

बीदरच्या जिल्हा सहकारी बँकेनं बचत गटांचं मोठं काम उभं केलं, त्यामुळं गटाची वही इथं ओळखीची आहे. बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीची आई ती वही रात्री तिच्यापुढं ठेवायची. आईला वाचता येत नव्हतं, पण कुणी किती दिले आणि कुणाचं व्याज राहिलं, हे सगळं तोंडपाठ. मुलगी बेरीज मांडायची, आई ऐकायची आणि मध्येच अडवायची, “धाकल्या जावंचे दोनशे आलते की गं, ते कुठं गेले?” मुलगी पुन्हा वरपासून तपासायची. जमा आणि बाकी जुळली की आई वही मिटायची. दुसऱ्या दिवशी गटातल्या बाया त्याच आकड्यांवर पैसे भरायच्या. अकाउंटन्सीच्या तासाला त्या मुलीचा हात वर जाऊ लागला, तो या वहीमुळं, असं मी ठामपणे म्हणतो. आईनं अभ्यास घेतला नाही, कौतुकही फारसं केलं नाही. खरं काम दिलं, चूक दाखवली आणि दुरुस्तीही तिलाच करू दिली.

आता दुसरं मत. मागं लागणारे पालक नेमकं हेच काढून घेतात. कोर्स मामा ठरवतो, फॉर्म नेटकॅफेवाला भरतो, कल्याण कर्नाटकासाठीच्या आरक्षणाच्या, म्हणजे 371-जेच्या, दाखल्यासाठी रांगेत बाप उभा राहतो, आणि मुलगा घरी बसून असतो. खोलीवर राहणाऱ्या आईचा त्याग मी मनापासून मानतो. पण रोज मार्क विचारणाऱ्या घरात मुलगा मार्कांना भ्यायला शिकतो, आणि भीती हाही बांडुरांच्या यादीतला शेवटचा उगमच आहे, फक्त उलट्या दिशेनं वाहणारा. त्याच दाखल्यासाठी मुलाला सोबत न्या, अर्ज त्याला लिहू द्या, साहेबाशी त्याला बोलू द्या. दोन खेपा जास्त पडतील. पडू द्या.

यावर कुणी म्हणेल, अठरा वर्षांचा झाला, आता पालकांनी बाजूलाच व्हावं. तेही मला पटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार यांच्याकडे पाहा. परळच्या एका खोलीत ते भीमरावांना रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत, हे सगळे सांगतात आणि त्यातून धाकाचा धडा काढतात. धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट मला मोठी वाटते. पाठ्यपुस्तकं सोडून मुलानं इतर वाचत बसावं, हे रामजींना पसंत नव्हतं. तरी नवं पुस्तक मागितलं की ते नाही म्हणत नसत. हातात पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, वेळेला त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणत. 1907 साली मॅट्रिक झालेला तो मुलगा पुढं एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, तो स्वतःच्या निवडीला घरात किंमत आहे हे पाहून. रामजी स्वतः शिकलेले होते, सैनिकी शाळेत शिक्षक होते, हे खरं. पण आपल्याला न पटलेल्या निवडीमागंही उभं राहायला त्यांचं शिक्षण कामी आलं नाही, त्याला दानत लागली. ती खटकचिंचोळीतल्या शेतमजुराकडेही असते, मी पाहिली आहे.

कॉलेजांनी मात्र या पालकांना लाज वाटेल असं वागणं आधी थांबवावं. मूग-उडदाच्या काढणीत सकाळी अकराला पालकसभा ठेवायची आणि कन्नड-इंग्रजीत हजेरीचे टक्के वाचून दाखवायचे, याला सहभाग म्हणता येणार नाही. सभा संध्याकाळी घ्या, गावात घ्या. आणि बोलू द्या मुलांना: या सेमिस्टरला काय शिकलो, कुठं अडलो, ते त्यांनी आपल्या आईबापाला त्यांच्या बोलीत समजावून सांगावं आणि आईबापांनी प्रश्न विचारावेत.