वेकोलिने खदानीत निवारा-कक्ष बांधावेत

प्रति,
अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, नागपूर

महोदय,

सावनेर पट्ट्यातल्या भूमिगत खदानीत पाळीवर उतरणाऱ्याच्या कमरेला कॅप लॅम्पची बॅटरी असते आणि सेल्फ रेस्क्युअर. धूर आला की तो तोंडाला लावायचा आणि बाहेरची वाट धरायची. ऑक्सिजन तयार करणारा संच साधारण अर्धा ते एक तास पुरतो. जुन्या फिल्टरच्या संचात ऑक्सिजन नसतोच, तो फक्त कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवतो. पण वाटच ढासळली तर? सोबत्याचा पाय मोडला असेल तर?

जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या सॅगो कोळसा खाणीत स्फोट झाला. त्यात एक कामगार जागीच गेला. आत अडकलेले बारा जण कापडी पडदा बांधून त्याआड बसले. सुमारे ४१ तासांनी पथक पोचले, तेव्हा त्यांतला एकच जिवंत होता. त्याच महिन्यात कॅनडात एस्टरहेझीच्या पोटॅश खाणीत आग लागली. ७२ कामगार निवारा-कक्षांत शिरले, दारे लावून थांबले आणि सगळे सुखरूप वर आले. पोटॅश म्हणजे कोळसा नव्हे, हे तुमचे अभियंते सांगतील आणि ते खरेच आहे. पण सॅगोनंतर अमेरिकेने कोळसा खाणींतही ९६ तास श्वास पुरवणारे, स्फोटाचा धक्का सोसणारे निवारे सक्तीचे केलेच.

आपल्याकडे १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसले. ६५ जणांना कोरडी जागा सापडली, म्हणून जसवंतसिंग गिल त्यांना पोलादी कॅप्सूलमधून वर काढू शकले. ती जागा कुणी आखून ठेवलेली नव्हती.

मार्च २०२५ मध्ये तुमच्याच छतरपूर-१ खदानीत, बैतूल जिल्ह्यात, छत कोसळून तिघे गेले. डोक्यावर येणाऱ्या छतापुढे निवारा-कक्षाचा उपयोग नाही. तिथे छताला आधार देणारे बोल्टिंगच चोख हवे. आग, वायू आणि बंद झालेली वाट यांचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागतो.

म्हणून आधी एक करा. प्रत्येक भूमिगत खदानीत कोळसा काढण्याच्या सर्वांत दूरच्या जागेपासून (फेसपासून) जमिनीवर यायला, दिवा मंद ठेवून आणि संच तोंडाला लावून, किती वेळ लागतो ते प्रत्यक्ष चालून मोजा. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे कार्यालय नागपुरातच आहे. त्यांचा अधिकारी आणि युनियनचा माणूस सोबत घ्या. संचाच्या मुदतीत वाट संपत नसेल, तर मध्ये जादा संच ठेवा आणि वरून बोअर मारून हवा, पाणी व फोन पोचणारा निवारा बांधा. मोजलेला वेळ प्रत्येक खदानीच्या हजेरीघराबाहेर मराठीत आणि हिंदीत लावा.

आपला,
एक नागपूरकर