धुराड्याचे तोंड खाली आणा

दोन महिन्यांपूर्वी बेंगळुरूला हेब्बाळमध्ये गेलो होतो. आमचे एक जुने वर्गणीदार तिथे राहतात. मूळचे निपाणीचे. आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी आसपासच्या सोसायट्यांतल्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी ट्रेलरवर बसवलेला स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची गाडी, घेतला, बाजारातला सगळ्यांत स्वस्त. चहा व्हायच्या आतच मला मागच्या अंगणात नेऊन ते म्हणाले, "साहेब, आधी हा गेज बघा. उकळत्या पाण्यात घातला तर 97 दाखवतो. परत करून दुसरा आणला, तर तोही 97."

गेज दोन्ही चांगलेच होते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी 97 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. पुण्यात ते 98ला उकळते आणि महाबळेश्वरला त्याहूनही खाली. गेज तपासायचा तर बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात आपल्या गावाचा आकडा, अशा दोन टोकांना तपासावा. उंचीचा दुसरा परिणाम विस्तवावर होतो. हेब्बाळची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ आहे. तितकाच प्राणवायू कमी मिळतो आणि धुराड्याची ओढही तितकीच मंदावते. मुंबईत झडप एक बोट उघडून जे काम होते, त्याला तिथे ती थोडी जास्त उघडावी लागते. हे ठाऊक नसले की माणूस लाकडाला दोष देतो, मग गाडीला आणि शेवटी स्वतःच्या हाताला.

हा अंक स्वस्त स्मोकरच्या घरगुती सुधारणांवर काढण्याचे कारण ही भेटच आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत अशा गाड्या घेतलेल्या वाचकांची पत्रे वाढली आहेत आणि तक्रार एकच असते. भट्टीकडचे मांस करपते, दुसऱ्या टोकाचे कच्चे राहते आणि सगळ्यालाच कडवट चव येते. बहुतेक जण त्यावर नवा गेज, पंखा किंवा महागडे लाकूड घेतात. पैसे जातात, कडवटपणा राहतो.

गाडीची रचना तुम्हाला माहीत आहे. एका टोकाला लाकडाची भट्टी, मधे आडवा दंडगोल, त्यात जाळ्या आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. ही घडण अमेरिकेतल्या टेक्सास-ओक्लाहोमाकडची. तिथल्या तेलविहिरींवर जाड पाइपांचे तुकडे पडून असत आणि वेल्डरही भरपूर होते. त्या मूळ गाड्या पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या पोलादाच्या. स्वस्त गाडीत तेच रूप दोन मिलिमीटरच्या पत्र्यात येते. झाकण नीट बसत नाही. सर्वांत मोठा दोष म्हणजे धुराडे दंडगोलाच्या माथ्यावर बसवलेले असते. गरम हवा वर चढते. भट्टीतून आली की ती छताला चिकटून थेट धुराड्यात शिरते आणि जाळीवरच्या मांसापर्यंत तिचा थोडाच हिस्सा पोचतो. झाकणावरचा गेज मात्र त्या छताखालच्या हवेचेच तापमान सांगत राहतो. खाली जाळीवर काय चालले आहे, हे त्याला कळत नाही.

हेब्बाळला आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. वहिनींनी स्लाइस ब्रेडचे दोन पुडे आणून दिले. गाडी 170 अंशांवर स्थिर केली, सगळी जाळी स्लाइसनी भरली आणि पंधरा मिनिटांनी झाकण उघडले. भट्टीलगतच्या दोन रांगा कोळसा झाल्या होत्या. मधल्या तीन तांबूस, खरपूस. धुराड्याकडच्या दोन रांगा पांढऱ्याफटक, नुसत्या सुकलेल्या. झाकणाच्या कडेला, जिथे फट होती, तिथे स्लाइसच्या अर्ध्या भागावर सरळ पांढरा पट्टा उमटला होता. बाहेरची गार हवा कुठून शिरते ते त्या पट्ट्याने बोटाने दाखवावे तसे दाखवले. ते गृहस्थ बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दीड वर्ष मी चुकीच्या जागी मांस ठेवत होतो."

अमेरिकेत हीच चाचणी बिस्किटाच्या पिठाने करतात. आपल्याला पाव स्वस्त पडतो. कोणतीही सुधारणा करण्याआधी ती करा, फोटो काढा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा करा. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम केल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

सुरुवात फटींपासून करा. झाकणाच्या कडेला काचतंतूची किंवा सिरॅमिक फायबरची दोरी बसवावी. लाल सिलिकॉन सुमारे 300 अंशांपर्यंत टिकते, म्हणून ते फक्त मांसाच्या कप्प्यासाठी. भट्टीच्या दाराला लावले तर जळेल आणि त्याचा वास अन्नाला लागेल. हार्डवेअरच्या दुकानात अॅस्बेस्टॉसची दोरी आजही सहज मिळते आणि स्वस्तही असते. ती घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.

मग धुराडे. या संपूर्ण अंकातले एकच काम करणार असाल तर हे करा. धुराड्याला आतून पत्र्याचे कोपर जोडून त्याचे तोंड जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणा. गरम हवेला बाहेर पडण्यासाठी मांसापर्यंत उतरावेच लागते. त्याने ओढ थोडी कमी होते, म्हणून बाहेरच्या बाजूने धुराडे फूटभर उंच करावे. बेंगळुरूसारख्या उंचीवरच्या गावात ते जास्तच गरजेचे. वर टोपी हवी, नाहीतर पावसाळ्यात सगळे पाणी आत. हेब्बाळच्या आमच्या वाचकांनी बेंगळुरूतल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतून पत्रा वाकवून आणला आणि जोडकाम घरीच केले.

त्यानंतर भट्टीच्या तोंडाशी तीन-चार मिलिमीटरचा तिरका पत्रा लावा. त्यामुळे पहिला झोत छताकडे न जाता खाली वळतो. त्याच्यापुढे जाळीखाली सुटे पत्रे, भट्टीजवळ एकमेकांना जवळजवळ चिकटून आणि दूर जाताना फट वाढवत. हे वेल्डिंगने पक्के करू नका. ब्रेडची चाचणी करत सरकवत राहायचे असतात. भट्टीत लाकूड तळाला न टेकवता चार बोटे उंच जाळीवर ठेवा, म्हणजे हवा खालून लागते आणि राख विस्तव गुदमरवत नाही. आणि जाळीच्या पातळीला एक के-प्रकारचे थर्मोकपल लावा. बेंगळुरूला एसपी रोडवर, पुण्या-मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही बाजारात मिळते. झाकणावरचा गेज राहू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका.

पत्र्याच्या जाडीबद्दल वाचक नेहमी विचारतात. जाड पत्रा उष्णता धरून ठेवतो, हे खरेच. पण गाडी ट्रेलरवर आहे हे विसरून चालणार नाही. एक चौरस मीटर पोलाद दर मिलिमीटर जाडीला सुमारे 7.85 किलो भरते. 50 सेंटीमीटरच्या चौकोनी भट्टीला दीड चौरस मीटर पत्रा लागतो. दोन मिलिमीटरला ती साडेतेवीस किलोची होते, सहाला सत्तरच्या वर. म्हणजे एका टोकाला जवळजवळ 47 किलोंची भर. भट्टी आसाच्या मागे असेल तर हुकावरचा भार हलका होतो आणि ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवल्यासारखा डोलू लागतो. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असला पाहिजे. वजनकाट्यावर नेऊन बघा. मला विचाराल तर भट्टी बदलण्यापेक्षा आत आगविटा लावाव्यात, आणि त्याही मुक्कामी पोचल्यावर. वाटेतल्या खड्ड्यांत त्या फुटतात आणि जोडही सैल होतात. ट्रेलरची नोंदणी आरटीओकडे असते, म्हणून सांगाड्यात मोठे बदल करण्याआधी तिथे विचारून घ्या.

आता ज्या तीन गोष्टी कधीही करू नयेत, त्यांबद्दल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीत किंवा कप्प्यात वापरू नका. त्याच्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा धूर होतो आणि वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. रसायनाचे किंवा तेलाचे जुने पिंपही नको. आणि गॅसचे जुने सिलिंडर कापू नका. अमेरिकी पुस्तकांत जुन्या प्रोपेन टाक्यांपासून स्मोकर केल्याची छायाचित्रे असतात, ती बघून इथे कोणाला तरी मोह होतोच. आपल्याकडचे घरगुती सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे असते, ते कापणे बेकायदा आहे, आणि आत राहिलेल्या थोड्याशा वायूनेही माणूस जाऊ शकतो. याबाबतीत मला कोणाचीही बाजू ऐकायची नाही. गाडी सोसायटीच्या तळघरात पेटवणेही याच वर्गात मोडते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लाकडाचे उत्तर आपल्या दारात आहे. टेक्सासमध्ये ज्या मेस्किटचे कौतुक करतात, त्याच प्रोसोपिस प्रजातीतली आपली वेडी बाभूळ. कर्नाटकात तिला बळ्ळारी जाली म्हणतात. तिचा धूर दमदार, म्हणून ती निम्मी आणि बाकी आंबा, पेरू किंवा चिंच. हेब्बाळला कॉफीच्या मळ्यांतले छाटणीचे लाकूडही मिळते, ते फार छान जळते. कॉफीच्या मळ्यातल्या सिल्व्हर ओकला मात्र नावावरून ओक समजू नका, त्याचा ओकशी संबंध नाही. लाकूड मनगटाएवढे चिरलेले आणि कोरडे असावे. ओले लाकूड पांढरा दाट धूर सोडते आणि तोच कडवट थर होऊन मांसावर बसतो. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. धूर जितका दाट तितकी चव चांगली, ही समजूत धंद्यातून गेली पाहिजे.

धुराचा प्रश्न आता केवळ चवीचा राहिलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले आणि पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा कोळशाच्या तंदूरवाल्यांनाही गेल्या. आपल्या गाड्या आज त्यात नसतील. पण सोसायटीच्या फाटकाशी दाट धूर सोडणारी गाडी उभी राहिली तर तक्रार येणार, आणि ती रास्तही असेल. स्वच्छ जळणारी भट्टी हाच या धंद्याचा बचाव आहे.

पुस्तकांबद्दल थोडे. अमेरिकी पुस्तके गाईच्या छातीच्या मांसाभोवती फिरतात, बारा-चौदा तासांची वेळापत्रके देतात. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ते मांस कायद्याने बंद आहे. आपल्या हाती बोकड, मेंढी, डुक्कर, कोंबडी. बन्नूर मेंढीच्या खांद्यात चरबी चांगली असते, ती 110 ते 120 अंशांवर चार-सहा तासांत मऊ होते. बोकडाची मांडी कोरडी, तिला मधेच केळीच्या पानात गुंडाळावे. कोंबडीला जास्त आच द्या, नाहीतर कातडी रबरासारखी राहते, आणि आतले तापमान 74 होईपर्यंत वाढू नका. आणि गाडी स्वस्त आहे म्हणून नाउमेद होऊ नका. टेक्सासच्या ऑस्टिन शहरातल्या ज्या फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर लोक तासन्‌तास रांगा लावतात, तेही 2009 मध्ये एका ट्रेलरमध्येच सुरू झाले होते, आणि मालकाने सुरुवातीला स्वस्त स्मोकरवरच हात बसवला होता. आपल्याकडेही धूर काही नवा नाही. अलिबागकडची पोपटी, गोव्यातली चुलीवर टांगलेली चोरीस, भरतात मुरलेला वांग्याचा करपलेला वास, हे सगळे आपल्या जिभेला ओळखीचे आहे. आपल्याला फक्त नवे भांडे नीट वापरायला शिकायचे आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा हेब्बाळला गेलो. दोरी, कोपर, तिरका पत्रा आणि एक थर्मोकपल, एवढेच झाले होते. भट्टी तीच, गेज तोच. वहिनींनी पुन्हा ब्रेड आणला. पंधरा मिनिटांनी झाकण उघडले तेव्हा भट्टीलगतची एकच रांग जरा गडद होती, बाकी सगळ्या स्लाइस एका रंगाच्या. पांढरा पट्टा गेला होता. त्या दिवशी त्यांनी पंचवीस माणसांची ऑर्डर केली आणि एकदाही मांसाची जागा बदलली नाही.

तुम्हीही येत्या रविवारी ब्रेडची चाचणी करा. जाळीचा फोटो, पत्र्याची जाडी, गावाची उंची आणि धुराड्याचे माप, एवढे आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात ते सगळे एकत्र छापू.