उलटणाऱ्या गायीआधी वळू तपासा

गाय उलटली, म्हणजे रेतनानंतर गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की बोट आधी गायीकडे जाते, मग रेतन करणाऱ्याकडे. वळूचे नाव क्वचितच निघते, कारण त्याच्या वीर्याची कांडी प्रयोगशाळेतून पास होऊन आलेली असते. पास म्हणजे काय, तर गोठवलेले वीर्य वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि निदान निम्मे शुक्राणू पुढे पोहताना दिसले. ही चाचणी हवीच. मेलेला माल तिथेच बाजूला पडतो. मात्र पोहणारा शुक्राणू गर्भ धरवेलच याची हमी ती देत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या फ्लेकफी जातीतले काही वळू याचा ढळढळीत पुरावा आहेत. शुक्राणूंची संख्या, हालचाल, ठेवण सारे व्यवस्थित, तरी त्यांच्या रेतनातून शंभरात दोन गायीही गाभण राहत नव्हत्या. २०१४ मध्ये कारण सापडले. शुक्राणूच्या पृष्ठभागावरचे टीएमईएम९५ हे प्रथिन जनुकातल्या बिघाडामुळे त्यांच्यात धड तयारच होत नव्हते. पुढे उंदरांमध्ये दिसले की या प्रथिनावाचून शुक्राणू बीजांडाला गाठतो, पण त्यात मिसळू शकत नाही.

पक्व शुक्राणू नवी प्रथिने जवळपास बनवत नाही. बांधून दिलेल्या शिदोरीवरच त्याचा सगळा प्रवास. त्यामुळे ही शिदोरी तपासण्यात अर्थ आहे. प्रोटामिन हे प्रथिन त्याचा डीएनए घट्ट आवळून ठेवते, वीर्यद्रवातली काही प्रथिने त्याच्या आवरणातले कोलेस्टेरॉल काढून त्याला फलनासाठी तयार करतात. अमेरिकेत १९९३ मध्येच होलस्टिन वळूंच्या वीर्यद्रवात अशी प्रथिने वेगळी ओळखली गेली, ज्यांचे प्रमाण वळूच्या प्रजननक्षमतेबरोबर कमी-जास्त होते. त्यांतले एक ऑस्टिओपाँटिन निघाले. काही उणिवा मात्रेत जास्त शुक्राणू भरून झाकता येतात, काही कितीही भरले तरी झाकत नाहीत. फ्लेकफी वळूंची उणीव दुसऱ्या प्रकारची होती, आणि सूक्ष्मदर्शक नेमका तिथेच आंधळा ठरतो.

मग प्रथिनांची चाचणी उद्यापासून सक्तीची का करू नये? आक्षेप रास्त आहेत. बरेच अभ्यास मूठभर वळूंवरचे, प्रत्येकातली प्रथिनांची यादी निराळी. शिवाय माज ओळखायला झालेला उशीर, निकृष्ट चारा, द्रवनत्राच्या पात्रातून बाहेर राहून खराब झालेली कांडी, यांतल्या कशानेही गाय उलटते. एका गायीवरून वळूला दोषी धरता येत नाही हे खरेच. पण एका वळूच्या वर्षाला हजारो कांड्या निघतात, आणि हजारो रेतनांचा हिशेब ऋतू, गाव व रेतन करणारा लक्षात घेऊन मांडला की वळूचा वाटा वेगळा दिसतो. अमेरिकेत वळूनिहाय गर्भधारणेचे असे आकडे २००८ पासून जाहीर होतात. आपल्याकडेही कांडीवर वळूचा क्रमांक असतो, गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, रेतनाची नोंद करण्याची व्यवस्था आहे. गाभण तपासणीची नोंद तितक्याच काटेकोरपणे व्हावी आणि वळूनिहाय आकडा शेतकऱ्याला दिसावा, हे पहिले मागणे आहे. याने वीर्यकेंद्रांची बदनामी होईल ही भीती मला पटत नाही. एकेका उलटण्यात एकवीस दिवसांचा चारा आणि तेवढे दूध शेतकऱ्याचेच जाते. हा आकडा हाती नसेल तर प्रथिनाची चाचणी पडताळायची कशावर? होलस्टिनवरची यादी मुऱ्हा रेड्याला किंवा गीर वळूला जशीच्या तशी लावणे हा शुद्ध अंदाजपंचे कारभार होईल. म्हणून खर्चाचा पहिला रुपया नोंदींवर पडावा, दुसरा आपल्या जातींतल्या प्रथिनांच्या अभ्यासावर. आणि चाचणी सिद्ध झाली की ती तरुण वळूवर लावावी, त्याच्या कांड्या गावोगाव पोचण्याआधी.