इकडील सर्व खुशाल

आमच्या घराच्या ओसरीवर गावचं पोस्ट होतं. वडील शाखा डाकपाल. एक लाकडी पेटी, शिक्का, शाईची गादी आणि तिकिटांचा डबा, एवढाच त्या पोस्टाचा संसार. सातारा जिल्ह्यातलं गाव, दोन-तीन घरांआड एक माणूस फौजेत. त्यामुळे थैलीत निळ्या अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा असायचा आणि पत्त्यात गावाऐवजी फौजी टपालाचं '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.'. १९७१ साली मी सातवीत होते. अक्षर बरं होतं, म्हणून आळीतल्या बायका पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे यायच्या. डाकपालाला सांगता येत नाही ते त्याच्या पोरीला सांगता येतं.

त्या डिसेंबरात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, शेजारच्या काकी यजमानांना पत्र लिहून घ्यायला आल्या. म्हणाल्या, "लिही, मनीआडर सासूबाई घेत्यात, पोराच्या औषधाला माझ्याजवळ पैसं न्हाईत. आन् लिही, तुमी गेल्यापास्नं ह्या घरात मला कुणी माणसात धरत न्हाई." माझी आजी तिथंच तांदूळ निवडत बसली होती. सुपावरून नजर न काढता ती म्हणाली, "रणात हाय त्यो. त्याला असलं लिवू नये." मी लिहिलं, 'इकडील सर्व खुशाल आहे. आपली खुशाली कळवत जावी.' काकी गप्प राहिल्या. मी जीभ लावून पत्र चिकटवलं.

पुढे तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध आपल्याकडे कापसाच्या भावातून येतं: १८६१ ते १८६५ दक्षिणेतला कापूस अडला, मुंबईत पैसा खेळला, युद्ध संपताच १८६५ मध्ये दिवाळं निघालं. मीही तेवढंच शिकवत होते. मग त्या युद्धातली घरच्यांची आणि शिपायांची पत्रं वाचायला लागले आणि त्या डिसेंबरातल्या माझ्या दोन ओळी मला झोपू देईनात.

इतकी पत्रं मागे ठेवणारं युद्ध त्याआधी झालं नव्हतं. उत्तरेच्या शिपायांपैकी दहातले नऊ लिहू-वाचू शकत होते, दक्षिणेतही साक्षर पुष्कळ होते. शिपायांची पत्रं फोडून तपासणारा सेन्सॉर नव्हता. युद्धकैद्यांची पत्रं तेवढी तपासली जात. उत्तरेत साध्या पत्राला तीन सेंट पडत. तिकीट मिळालं नाही तर शिपाई पाकिटावर 'शिपायाचं पत्र' असं लिहून टाकायचा आणि पैसे घरचे भरायचे. १८६३ पासून मोठ्या शहरांत टपाल घरपोच मिळू लागलं, १८६४ मध्ये मनीऑर्डर सुरू झाली ती शिपायांचा पगार घरी सुखरूप पोचावा म्हणून. दक्षिणेत कागदाचा दुष्काळ. लिहून झालेलं पान आडवं धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत, भिंतीला लावायच्या रंगीत कागदाची पाकिटं करत. वॉशिंग्टनच्या इस्पितळांत कवी वॉल्ट व्हिटमन कागद-पाकिटं घेऊन खाटांमधून फिरायचा आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहून द्यायचा. पोस्टात वाढलेल्या मुलीला हे तपशील वाचताना घरी आल्यासारखं वाटतं.

या युद्धातलं एक पत्र जगाला माहीत आहे. ऱ्होड आयलंडचा मेजर सलिव्हन बलू याने १४ जुलै १८६१ रोजी बायकोला, सेराला, लिहिलेलं. आठवड्याभरात बुल रनच्या लढाईत तो जखमी झाला आणि त्या जखमेनेच पुढे गेला. पत्र टपालात पडलंच नव्हतं, त्याच्या ट्रंकेत सापडलं. १९९० साली केन बर्न्सच्या माहितीपटात ते वाचलं गेलं आणि घराघरांत लोक रडले. सुंदरच आहे ते. मीही रडले. पण शिपायाचं पत्र म्हटलं की वर्षानुवर्षं तेच एक पुढे केलं जातं, याला माझी हरकत आहे. बलू वकील होता, विधिमंडळात बसलेला माणूस. शब्द त्याच्या हातचे होते. ज्यांना शब्द दुसऱ्याकडून मागून घ्यावे लागले त्यांची पत्रं आधी वाचायला हवीत.

मार्था ग्लोव्हरचं पत्र ३० डिसेंबर १८६३ चं. ती मिसुरी राज्यातल्या मेक्सिको नावाच्या गावी गुलाम होती. नवरा रिचर्ड पळून जाऊन उत्तरेच्या फौजेत भरती झालेला. मिसुरी उत्तरेच्याच बाजूला राहिलेलं राज्य, म्हणून लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथं लागू नव्हता. नवरा सरकारी निळ्या कोटात, बायको-पोरं मालकाच्या दावणीला. गेलेल्या नवऱ्याचा राग मालक मागे राहिलेल्या बायकोवर काढायचा. मार्था हे सगळं कळवते. परवा मला वाईट मारलं, पोरांना सांभाळणार नाही म्हणतात. पुढे ती नवऱ्याला तोंडावर सांगते, की मला या अवस्थेत टाकून तू जायला नको होतंस, मी बरोबर येईपर्यंत थांबायचं होतंस. आज रात्री कुठेतरी बोलावणं होतं, पण जायला मन झालं नाही. आयझॅकला सांग, त्याची आई येऊन त्याचे कपडे घेऊन गेली, तिला फार वाईट वाटत होतं. आणि आणखी लग्न झालेल्या पुरुषांना भरतीला पाठव म्हणून यापुढे मला सांगू नकोस.

फौजेत गेलेल्या मुलाचे कपडे गोळा करणारी आई एका वाक्यात येते आणि जाते. मी कितीदा तरी तिथे थांबले. काकींच्या तोंडात असंच काहीतरी होतं आणि मी ते कागदावर येऊ दिलं नाही.

बाईने रडगाणं लिहिलं की शिपायाचा हात ढिला पडतो, ही आजीची समजूत तिच्या एकटीची नव्हती. दक्षिणेतली वर्तमानपत्रं बायकांना हेच बजावत होती: रणातल्या माणसाला आनंदाची पत्रं लिहा. तरी तिथल्या बायकांनी ऐकलं नाही. पोरं उपाशी आहेत, नांगर धरायला माणूस नाही, नवऱ्याला सोडा, अशी पत्रं नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर झेबुलॉन व्हान्स याच्याकडे येतच राहिली. घर मोडत असताना 'खुशाल' लिहायला लावणं ही त्या बाईवर केलेली सक्ती आहे, तिला धीराचं नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि शिपाई तरी काय, त्याला घरचं खरं कळायला नको?

दुसरं पत्र स्पॉट्सवुड राइसचं, सप्टेंबर १८६४ चं. तोही मिसुरीचा गुलाम, फौजेत गेलेला. त्या राज्यात १८४७ पासून काळ्या माणसाला लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. तरी सेंट लुईसच्या बेंटन बराकीतल्या इस्पितळातून त्याने दोन पत्रं धाडली. एक मुलींना: धीर धरा, जीव गेला तरी बेहत्तर, तुम्हाला सोडवणार. दुसरं किटी डिग्ज नावाच्या बाईला, जिच्या ताब्यात त्याची मुलगी मेरी होती: माझ्या मुलीला जितके दिवस ठेवून घ्याल तितके दिवस नरकात जळाल. मेरीसाठी आपण एकदा चाळीस डॉलर देऊ केले होते, तुम्ही ते घेतले नाहीत हे बरंच झालं, असंही तो सांगतो. स्वतःच्या लेकीची किंमत मोजायला निघालेला बाप आता ती मोजायला नकार देतो आहे.

ही पत्रं मिसुरीतल्या ग्लासगो गावच्या पोस्टमास्तरच्या हाती पडली. तो किटीचाच नातलग, स्वतः गुलाम बाळगणारा. त्याने दोन्ही पत्रं तिथल्या फौजेच्या प्रमुखाकडे, जनरल रोझक्रान्सकडे पाठवली, की बघा हा काळा माणूस आमचा अपमान करतो, याला राज्याबाहेर घालवा. त्या अर्जामुळेच पत्रं सरकारी दफ्तरात राहिली आणि आज आपल्याला वाचता येतात. मार्थाचं पत्रही लष्करी कागदांतच टिकलं. डाकपालाची मुलगी म्हणून मला त्या पोस्टमास्तरचा संताप येतो. वडील मनीऑर्डरची पावती फाडताना सांगायचे, थैलीत आहे तोवर कागद सरकारचा, हातात पडला की त्या माणसाचा; मधल्या माणसाने आपलं मन त्यात घालायचं नाही. त्यांच्याच ओसरीवर बसून मी माझं मन घातलं होतं.

३ मार्च १८६५ रोजी अमेरिकी काँग्रेसने ठराव करून काळ्या शिपायांच्या बायका-मुलांना स्वतंत्र केलं. पुढे आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ही अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो. मग ज्यांच्यासाठी ती झुंज झाली त्या मार्थाचं, त्या राइसचं बोलणं मराठीत का नाही? मेरीलंड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हे कागद दफ्तरांतून काढून छापले, तेही चुकलेल्या स्पेलिंगसकट. मराठीत आणणाऱ्याने ती भाषा प्रमाण करून, घासूनपुसून आणू नये. आणि आपल्या ट्रंकांत फौजेतली पत्रं आहेत, त्यांच्या नकला काढतानाही ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसू नये.

काकींचे यजमान लढाईतून परत आले, दहा वर्षांमागे गेले. मी लिहिलेली काकींची पत्रं त्यांनी जपून ठेवली होती. गेल्या महिन्यात काकींनी ती मला वाचायला लावली. मी वाचत होते, खुशाल, खुशाल, खुशाल. काकी म्हणाल्या, "ह्यात मी कुठं हाय गं?"

त्या आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. रविवारपासून वही घेऊन त्यांच्याकडे बसायचं ठरलंय. त्या सांगतील तसं लिहिणार आहे, 'न्हाई'ला 'न्हाई' आणि 'आडर'ला 'आडर'.