हळदीच्या कढईखालचा जाळ

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झाले, 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता लक्ष कढईखालच्या जाळाकडे वळायला हवे. हळद शिजवायला सरपण लागते, आणि त्याच शिवारात कपाशीची पऱ्हाटी बांधावर पेटवून दिली जाते. तिच्या दाबून केलेल्या ठोकळ्यांवर, म्हणजे ब्रिकेटवर, हळद शिजवण्याच्या चाचण्या या केंद्राने घ्याव्यात. काडीकचरा जमिनीला परत हवा, हा आक्षेप रास्तच. म्हणून सोयाबीनचे कुटार गुरांना नि मातीलाच राहू द्यावे. पऱ्हाटी मात्र गुलाबी बोंडअळीला आसरा देते, ती शेतात ठेवणेच धोक्याचे. या कामात वसमत नगरपालिकेनेही हातभार लावावा. तिच्याकडे पैसा कुठे, असे विचारले जाईल. पण प्रयोगशाळा तिने उभारायचीच नाही. पऱ्हाटीच्या साठवणुकीला जागा आणि वाहतुकीची सोय एवढे तिने केले, तरी संशोधन कागदावरून शिवारात उतरेल.