ईश्वराच्या नावावर मतदान

विधिमंडळाचे कामकाज प्रार्थनेने सुरू व्हावे काय, असा विषय वादविवाद स्पर्धेत निघाला की अमेरिकेचा दाखला देण्याचा मोह होतो. १७८७ च्या फिलाडेल्फिया येथील घटना परिषदेत वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोज सकाळी प्रार्थना व्हावी अशी सूचना मांडली, एवढे सांगितले की टाळ्या पडतात. पुढे काय झाले ते सांगायचे राहून जाते. २८ जूनच्या त्या बैठकीत सूचनेवर मत न घेताच परिषद उठली. तीन-चार सभासद सोडल्यास कोणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, असे खुद्द फ्रँकलिन यांनीच लिहून ठेवले आहे!

१७७४ ची गोष्ट निराळी. त्या वर्षीच्या काँग्रेसमध्ये पाद्री जेकब डुशे यांनी प्रार्थना म्हटली, याला जॉन ॲडम्स यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्राचा आधार आहे. मात्र सभासदांचे पंथ वेगवेगळे असल्याने जॉन जे व रटलेज यांनी प्रथम विरोध केला, हेही त्याच पत्रात आहे. पुरावा द्यायचा तर पत्र पुरते वाचावे.

आपल्याकडेही हा प्रश्न उभा राहिला होता, आणि तो उपस्थित करणारे सभासद आपल्याच प्रांताचे प्रतिनिधी होते. बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. तेथून घटना समितीवर गेलेल्या ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सरनाम्याचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी दुरुस्ती मांडली. विरोधक सारे नास्तिक होते असे कोणी समजू नये. थानू पिल्ले स्वतः श्रद्धावान. पण श्रद्धेच्या बाबतीत ही सक्ती ठरेल, असे त्यांचे म्हणणे. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर ईश्वरावर मते देण्याची पाळी आमच्यावर आणू नका, अशी विनवणी केली. कामत हटले नाहीत. मते मोजली गेली : बाजूने ४१, विरुद्ध ६८.

मला ६८ जणांचे म्हणणे पटते. सभागृह सर्वांचे, तेथे बहुमताने ठरविलेली प्रार्थना अल्पमतातल्या माणसाने कोणत्या मनाने म्हणावी? कामतांची तळमळ खरी होती, यात शंका नाही. पण तिला घटनेत जागा मिळाली ती तिसऱ्या अनुसूचीत. तेथील नमुन्याप्रमाणे आमदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो, आणि दोघांपैकी काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.